नकाशातला रंग आणि जमिनीवरचा अंमल



ह्या व्यासपीठावर आजवर प्राध्यापक बोलले, संपादक बोलले, शास्त्रज्ञ बोलले. तेथे नववीत शाळा सुटलेल्या आणि पुढचे सारे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात घालविलेल्या माणसाला साम्राज्यांच्या नकाशांवर बोलायला उभे केले, ह्याचे तुम्हांला नवल वाटत असेल. मलाही वाटले, आणि मी चिटणिसांना तसे म्हणालोही. ते म्हणाले, "इतरांनी नकाशे पाहिले आहेत, तुम्ही ते छापले आहेत." हे मात्र खरे आहे. सतराव्या वर्षी मी एका छापखान्यात हरकाम्या म्हणून लागलो आणि तीन वर्षांत ऑफसेट यंत्रावर उभा राहिलो. त्या छापखान्याकडे शाळेच्या नकाशासंग्रहांचे काम येत असे. इतिहासाशी माझी पहिली ओळख अशी शाईने बरबटलेल्या हातांनी झाली.

रंगीत नकाशा कसा छापतात हे थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. निळी, लाल, पिवळी आणि काळी अशा चार प्लेटा असतात. एकच कागद चारांखालून जातो. चारही ठसे एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. एके दुपारी मराठ्यांच्या राज्याचा नकाशा छापत असताना लाल प्लेट दोन मिलिमीटर पश्चिमेला सरकली. दोन मिलिमीटर म्हणजे नखाच्या कडेएवढे. पण त्या नकाशाचे प्रमाण एका सेंटिमीटरला एकशेवीस किलोमीटर असे होते. म्हणजे सगळे मराठी राज्य चोवीस किलोमीटर पश्चिमेला गेले. पोर्तुगीजांच्या गोव्यासाठी लाल प्लेटेत ठेवलेली कोरी जागा अरबी समुद्रात जाऊन पडली, आणि गोव्याची जमीन लाल रंगाखाली आली. १७३९ सालच्या स्वारीत जे पुरे झाले नाही ते आमच्या यंत्राने एका दुपारी करून दाखविले! मी फोरमनला दाखविले. तो म्हणाला, "जाऊ दे. पोरे काय फूटपट्टी लावून बघणार आहेत?" गठ्ठे बांधले गेले, शाळांत गेले. त्या वर्षी कितीतरी मुलांनी तो नकाशा वहीत उतरवला असेल.

त्या दिवसापासून मला नकाशाला फूटपट्टी लावायची खोड जडली. पुढे वाचनालयातून राजवाड्यांच्या 'साधनां'चे खंड आणले, सरदेसायांची 'रियासत' वाचली, पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे खंड चाळले. एका वेळी पाच पानांपेक्षा जास्त समजत नसे. समजले तेवढे वहीत लिहून काढी.

आता दुसरी एक गोष्ट सांगतो. ती इतिहासाची नाही, आमच्या युनियनची आहे. औद्योगिक वसाहतीत संघटना बांधत असताना कचेरीच्या भिंतीवर वसाहतीचा एक मोठा नकाशा लावलेला होता. ज्या कारखान्यात आपले सभासद, तो लाल पेन्सिलने रंगवायचा अशी पद्धत होती. दोन वर्षांत भिंत लालभडक झाली. चाळीस कारखाने! पाहुणा आला की आम्ही त्याला आधी भिंत दाखवीत असू. मग संपाची हाक दिली, आणि चाळीसांपैकी अकरा बंद पडले. बाकीच्या एकोणतीसांची चिमणी नेहमीप्रमाणे धूर सोडीत होती. रात्री कचेरीत बसून हिशेब केला तेव्हा कळले, की काही ठिकाणी आमची पक्की कमिटी होती, काही ठिकाणी लोक नुसती वर्गणी देत होते, आणि काही ठिकाणी एकदा गेटसभा झाली होती, एवढेच. आम्ही तिन्हींना एकच पेन्सिल फिरवली होती. त्या संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांना त्या लाल रंगाची किंमत भरावी लागली. त्यांच्यापैकी एकजण आजही मला रस्त्यात भेटला तर मान वळवतो. मी त्याला दोष देत नाही.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचा नकाशा बदलला. कमिटी असेल तेथे भरीव रंग, वर्गणी असेल तेथे तिरप्या रेघा, गेटसभा झाली असेल तेथे नुसता ठिपका. भिंत फिकी दिसू लागली. पण त्यानंतर त्या भिंतीने आम्हांला फसविले नाही.

आणि मग एके दिवशी 'साधनां'चा खंड वाचताना माझ्या ध्यानात आले, की हा भेद आपल्या कारकुनांनी तीनशे वर्षांपूर्वीच करून ठेवलेला आहे. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून बादशाही सनदा घेऊन आले. त्या सनदा कशाच्या? एक स्वराज्याची, एक चौथाईची आणि एक सरदेशमुखीची. स्वराज्य म्हणजे छत्रपतींचा स्वतःचा मुलूख. चौथाई म्हणजे दक्षिणेच्या सहा मोगली सुभ्यांच्या वसुलाचा चौथा हिस्सा. सरदेशमुखी म्हणजे शेकडा दहा. खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, विजापूर, हैदराबाद हे सहा सुभे चौथाई देणार, पण मुलूख मोगलाईच राहणार. 'मोगलाई' हा शब्द आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी परवापरवापर्यंत होता, तो ह्याच अर्थाने. कोकणात सिद्दीबरोबर वसूल वाटून घेतलेले महाल होते. त्यांना दुअमली म्हणत, म्हणजे दोघांचा अंमल. कागद लिहिणाऱ्या कारकुनाला हा फरक पक्का ठाऊक होता. चौथाईच्या गावाला त्याने स्वराज्याचे गाव म्हटले असते, तर त्याची दौतलेखणी काढून घेतली असती. आपण मात्र नकाशा काढताना सगळ्यावर एकच भगवा रंग फासतो.

हा मी मागे कापडावर काढलेला नकाशा टांगला आहे. लांबच्यांना दिसत नसेल तर नंतर जवळ येऊन पाहा. ह्याच्या शेजारी बाजारात मिळणारा एक जुना भिंतीवरचा नकाशा आहे. त्यावर लिहिले आहे, 'मराठ्यांचे साम्राज्य, १७६०'. ह्या आकड्यावर जरा थांबू या. ह्या नकाशात अटकेपर्यंतचा पंजाब भगवा आहे. आणि दक्षिणेत दौलताबाद, बुऱ्हाणपूर, विजापूरही भगवे आहेत. दोन्ही खरे आहे का? वेगवेगळे पाहिले तर आहे. राघोबादादा १७५८ च्या एप्रिलात लाहोरला पोचले. त्यांनी पंजाबचा कारभार अदिना बेगकडे वर्षाला पंचाहत्तर लाख रुपयांच्या कराराने दिला आणि ते लौकरच माघारी वळले. अदिना बेग त्याच वर्षी सप्टेंबरात वारला. मग साबाजी शिंद्यांनी लाहोर धरून ठेवले, ते १७५९ च्या शरद ऋतूपर्यंत. अब्दाली आला आणि पंजाब गेला. १७६० च्या १० जानेवारीला बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंदे पडले, आणि दिल्लीही अब्दालीच्या हाती गेली. इकडे दक्षिणेत उदगीरची लढाई झाली ती १७६० च्या फेब्रुवारीत, आणि दौलताबाद, बुऱ्हाणपूर, विजापूर निजामाने दिले ते तिच्या तहात.

म्हणजे पंजाब हातचा गेल्यानंतर दक्षिणेचा हा मुलूख आला. हा नकाशा ज्या राज्याचा आहे, ते राज्य कोणत्याही एका दिवशी पृथ्वीच्या पाठीवर नव्हते. आमच्यात एखाद्या चिटणिसाने सोडून गेलेले सभासद आणि नवे आलेले सभासद एकाच बेरजेत धरले, तर वार्षिक सभेत त्याला खाली बसवितात.

'अटकेपासून कटकेपर्यंत' असे आपण मोठ्या डौलाने म्हणतो. यमक छान जुळते. नकाशा जुळत नाही. कटक नागपूरकर भोसल्यांकडे १७५१ च्या तहाने आले आणि १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत राहिले. पन्नास वर्षांवर अंमल! सुभेदार नेमले, वसूल घेतला, जगन्नाथाच्या यात्रेची व्यवस्था पाहिली. अटकेचा मुक्काम जेमतेम दीड वर्षाचा. दोन्हींना एकच रंग देणे म्हणजे कायम कामगार आणि बदली कामगार ह्यांना हजेरीपटावर एकाच रकान्यात लिहिण्यासारखे आहे. आणि तंजावर? तेथे घराणे भोसल्यांचे, दरबारची भाषा मराठी. पण ते राज्य सातारच्या गादीच्या हुकमतीखाली नव्हते. बहुतेक नकाशांत तेही त्याच रंगात न्हाऊन निघते. उलट जंजिरा. शिवाजी महाराजांपासून सगळ्यांनी प्रयत्न केले, तो कधी हाती आला नाही, आणि सिद्दीचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. लहान प्रमाणाच्या नकाशात तो राईएवढा असल्यामुळे दिसतच नाही, म्हणून विजय आपोआप पूर्ण होतो!

आता ह्याच प्रश्नावरून २०२५ साली जे झाले ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. एनसीईआरटीच्या आठवीच्या पुस्तकात मराठा साम्राज्याच्या नकाशात जैसलमेर रंगविलेले होते. तेथील माजी राजघराण्याने हरकत घेतली, आणि एनसीईआरटीने तज्ज्ञांची समिती नेमली. इकडे आपल्याकडे काही मंडळींना राग आला. ऑगस्टमध्ये एका गावी मी ह्याच विषयावर बोलत असताना एक गृहस्थ उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही मराठी माणूस असून आपल्याच राज्याचा रंग पुसायला निघालात?" सभेत टाळ्याही पडल्या. त्या टाळ्या माझ्यासाठी नव्हत्या.

मी त्यांना एवढेच विचारले, की जैसलमेरचा वसूल कोणत्या कागदात जमा आहे? कोट्याचा विचारा, मी सांगतो. कोट्यास शिंद्यांच्या वतीने गुळगुळ्यांचे घराणे कारभार पाहत होते. त्यांचे दप्तर आहे, त्यात रुपये, आणे, हप्ते, थकबाकी सगळे आहे. जयपूरच्या खंडणीचे कागद आहेत. तेथे तिरप्या रेघा काढा, माझी हरकत नाही. पण तेथेही भरीव रंग नको, कारण गादीवर कोट्याचाच राजा होता आणि न्यायनिवाडा तोच करीत होता. जैसलमेरचा तसा कागद तुम्हांला सापडला तर मी स्वतः माझ्या हाताने तेथे रेघा काढीन. नाही सापडला, तर ती जागा कोरी. ह्यात मराठी-राजस्थानी असे काही नाही. मालकाकडून बोनसचा हिशेब मागताना आम्ही व्हाउचर मागतो, तोच हा न्याय. ते गृहस्थ खाली बसले. पटले म्हणून बसले असे मी म्हणणार नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि आठवण झाली ती यंत्रमागावरच्या एका कामगाराची. तो मेदिनीपूरकडचा. सुवर्णरेखा नदीच्या अलीकडचा-पलीकडचा तो मुलूख. १७५१ च्या तहात भोसल्यांनी ती नदी ओलांडायची नाही, आणि अलीवर्दीखानाने बंगालच्या चौथाईचे म्हणून वर्षाला बारा लाख द्यायचे, असे ठरले. त्याच्या आधी नऊ-दहा वर्षे नागपूरकरांच्या स्वाऱ्या चालल्या होत्या. कचेरीत मी नकाशा पसरून बसलो होतो, त्याने बोट ठेवून विचारले, "दादा, हा रंग कोणाचा?" मी अभिमानाने म्हणालो, "आमचा." तो हसला आणि म्हणाला, लहानपणी आई झोपवताना 'बर्गी' येतील म्हणून भीती घालीत असे. बर्गी म्हणजे बारगीर, आपले बारगीर. पौणेतीनशे वर्षे झाली तरी तेथल्या आया आपल्या नावाने मुले झोपवतात. तो चेष्टेने बोलला, आणि आम्ही दोघांनी एकाच बशीतला चहा घेतला; पण तेव्हापासून बंगालवर पेन्सिल फिरवताना माझा हात थांबतो. तिरप्या रेघांतसुद्धा त्याच्या आईची बाजू मावत नाही. निदान भरीव रंगाने ती झाकू तरी नये.

आपल्याच नकाशांवर एवढा वेळ घेतला, कारण घरचे आधी तपासावे. पण साम्राज्याचा रंग फासण्याची कला ज्यांनी शिखराला नेली ते इंग्रज. १८८६ साली लंडनच्या 'ग्राफिक' साप्ताहिकाने आपल्या साम्राज्याचा एक सुंदर नकाशा पुरवणी म्हणून दिला. चित्रकाम वॉल्टर क्रेन ह्यांचे. नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा आहे. १५६९ साली मर्केटरने ही पद्धत काढली ती खलाशांसाठी. तिच्यात होकायंत्राची दिशा सरळ रेघेत येते, पण ध्रुवाकडे जावे तसतसे देश फुगत जातात. ग्रीनलंड साडेएकवीस लाख चौरस किलोमीटरांचा, आपला देश जवळजवळ तेहेतीस लाखांचा. मर्केटरमध्ये मात्र ग्रीनलंड आपल्याला खिशात घालील एवढा दिसतो. कॅनडाचेही तसेच. त्यामुळे बर्फाचा प्रदेश गुलाबी केला की साम्राज्य फुकटात दुप्पट होते.

पण क्रेन समाजवादी होते, विल्यम मॉरिसच्या मंडळींतले. नकाशाच्या खालच्या बाजूला त्यांनी पृथ्वीच्या गोलावर बसलेली ब्रिटानिया काढली, आणि तो गोल पाठीवर पेलणारा अॅटलस. अॅटलसच्या अंगावर एक पट्टा आहे, आणि त्या पट्ट्यावर अक्षरे आहेत: 'मानवी श्रम'. पुरवणी साम्राज्याच्या गौरवाची होती, लोकांनी ती भिंतींवर लावली, आणि त्या गौरवाच्या तळाशी चित्रकाराने मजुराला बसवून ठेवले. मी हे चित्र प्रथम पाहिले तेव्हा भिंग घेऊन ती अक्षरे पुन्हा पुन्हा वाचली. नकाशा तपासताना कडेची चित्रेही वाचावीत, ती त्यामुळे.

हिंदुस्थानच्या मोठ्या नकाशांत इंग्रज जरा प्रामाणिक होते. खालसा मुलूख गुलाबी, संस्थाने पिवळी. सुमारे दोनपंचमांश भूभाग पिवळा होता. आपल्याकडे कोल्हापूर, औंध, सावंतवाडी, जंजिरा हे पिवळे तुकडे. जगाचा नकाशा काढताना मात्र पिवळ्याचे गुलाबी होऊन जाई. अशोकाच्या नकाशाची गत तशीच. त्याचे लेख कंदाहारला आहेत, गिरनारला आहेत, धौलीला आहेत. आपल्या सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. हे सगळे ठिपके. ठिपके जोडून मधला सगळा भाग रंगवला की मौर्य साम्राज्य तयार. पण तेराव्या लेखात अशोक स्वतःच अटवीतल्या, म्हणजे रानातल्या लोकांना दम देतो. जो मुलूख पुरता कह्यात आहे, तेथल्या लोकांना सम्राट असा दम देत बसेल का, हे तुम्हीच सांगा. चोळ, पांड्य ह्यांना तर तो सरळ सीमेपलीकडचे म्हणतो.

नकाशा चुकीचा आहे हे ओळखायला नेहमीच दप्तर चाळावे लागते असे नाही. काही खुणा कारागिराच्या नजरेला सापडतात. बहुतेक ऐतिहासिक नकाशे आजच्या नकाशावर पातळ कागद ठेवून उतरवलेले असतात, आणि उतरवणारा घाईत असला की आजच्या वस्तू मागे राहून जातात. शिवकालाच्या नकाशात कोयनेचा जलाशय निळा दिसला, की समजावे. रोमन साम्राज्याच्या नकाशात सुवेझचा कालवा मी पाहिलेला आहे. तो खुला झाला १८६९ साली. अकबराच्या बंगालमध्ये ब्रह्मपुत्रा आज जशी यमुना नावाने सरळ दक्षिणेला उतरते तशी दाखवली असेल, तर तोही घोटाळा. रेनेलने १७६४ पासून बंगालची मोजणी केली तेव्हा नदीचा मोठा ओघ मैमनसिंगवरून जात होता, आणि १७८७ च्या तिस्तेच्या पुरानंतर तो हळूहळू पश्चिमेला सरकला. माझी सगळ्यांत आवडती कसोटी गोव्याची. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या नकाशात गोवा आजच्या पुऱ्या आकाराचा दिसला, की नकाशा खाली ठेवावा. तेव्हा पोर्तुगीजांकडे तिसवाडी, बारदेस आणि साष्टी एवढेच होते. फोंडा १७६३ साली आणि पेडणे १७८८ साली त्यांच्याकडे गेले.

खरा नकाशा वाचताही आला पाहिजे. ह्यात पंडित मंडळी फार चुकतात. मी एक चांगला, विद्वानांनी केलेला नकाशा पाहिला. त्यात चौदा रंग होते आणि खुणांचा तक्ता मागच्या पानावर! वाचणाऱ्याने पान किती वेळा उलटायचे? छापखान्यातली माझी कसोटी साधी आहे. रंगीत नकाशाची साधी काळी झेरॉक्स काढा. लाल आणि हिरवा एकाच करड्या रंगाचे झाले, तर रंग बदला. शाळेत मुलांच्या हातात शेवटी ती झेरॉक्सच पडते. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसे आपल्यात असतात. आमच्याच छापखान्यात एक होता. शाईचे डबे तो वासावरून ओळखी. दुसरी कसोटी, नकाशा भिंतीवर लावून दहा फुटांवर उभे राहा. राज्याचे नाव वाचता आले नाही आणि नद्यांची नावे मात्र दिसली, तर अक्षरे उलटी लावली आहेत. तिसरी कसोटी माझी पुतणी. ती आठवीत आहे. तिला नकाशा एक मिनिट दाखवतो, मग मिटून विचारतो, काय पाहिलेस? पूर्वी ती म्हणायची, "सगळे आपले होते." ह्या मागच्या कापडावर तिने पहिला प्रश्न विचारला, "काका, ह्या रेघांच्या गावातल्या लोकांनी दोघांना पैसे द्यायचे?" मी म्हटले, होय, दोघांना. "मग त्यांना काय उरायचे?" असे तिने विचारले. त्याचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

वाचायची हौस असेल त्यांनी वाचनालयात जोसेफ श्वार्टझबर्ग ह्यांचा १९७८ साली शिकागोहून निघालेला दक्षिण आशियाचा ऐतिहासिक नकाशासंग्रह आणि इरफान हबीब ह्यांचा १९८२ चा मोगल साम्राज्याचा नकाशासंग्रह मागावा. ग्रंथ जड आहेत, उचलायलाही जड आहेत. माझ्यासारख्याला इंग्रजी अडते. पण नकाशाशेजारच्या टिपा एकेक करून लावल्या की लागतात.

आता हा माझा कापडी नकाशा. बोर्ड रंगविणाऱ्या एका मित्राच्या मदतीने तो पाच महिन्यांत झाला. माथ्यावर एकच तारीख लिहिली आहे: १ मार्च १७६०. उदगीरची लढाई झालेली, पंजाब गेलेला, भाऊसाहेब अजून उत्तरेला निघायचे आहेत. भरीव रंग स्वराज्याचा आणि सरदारांच्या थेट अंमलाचा. तिरप्या रेघा चौथाईच्या आणि खंडणीच्या. आडव्या-उभ्या रेघा दुअमलीच्या. खुणांचा तक्ता समोरच आहे, मागे नाही. खाली दोरीला पेन्सिल बांधली आहे. कोणाला चूक सापडली तर तेथेच गोल करावा, नाव घालायची गरज नाही. आज दुपारी आम्ही हा टांगत असताना झाडलोट करणाऱ्या बाई थांबून पाहू लागल्या. त्यांचे माहेर भीमेकाठचे, गाव धरणात गेलेले. त्या मला म्हणाल्या, "दादा, हे उजनीचं पाणी तेव्हा कुठं होतं?" मी पाहिले, तर खरेच! पंढरपूरच्या वरच्या अंगाला निळा डाग तसाच राहिला आहे. पहिला गोल त्यांनी केला आहे. तो तुम्हांला डाव्या हाताला दिसेल.